पहिल्या नळीचं रक्त

पांडेसरा, सुरत
ता. १२ फेब्रुवारी, गुरुवार

वत्सला,

सगळ्यांच्या आधी ज्योतीच आली. समोरच्या खोलीतली, पारोळ्याची. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली नाही तोच ही कणकेचे हात घेऊन आमच्या दारात. "जिजी, तुमच्याकडे पाहुणे का व? पांढरी गाडी शे, लाल पट्टा शे." तिच्या मागून आणखी चार बाया. पाहुणे बिचारे सगळ्यात शेवटी आले, कारण त्यांना बायांमधून वाटच मिळेना.

तुला वाटेल, नऊ वर्षांनी पत्र लिहिलं आणि ही ज्योतीच्या कणकेचं सांगत बसली. मग काय करू? फोन लावला की तू आवाज ओळखून कापतेस. पत्र तू फाडशील, पण फाडायच्या आधी वाचशील. लहानपणी शेवेच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय तू टाकत नव्हतीस. माझी शाळा चौथीपर्यंत, तुझी सातवीपर्यंत. चुका दिसतील त्या खुशाल काढ.

तर पाहुणे. एक अमृता मॅडम, नाशिककडच्या, बारीक चणीच्या, चष्मा सारखा नाकावर चढवतात. दुसरा लखनभाई, पन्नाशीचा, मिशीवाला, खांद्याला निळी पेटी, कुल्फीवाल्याची असते तशी. ती दोघं रक्त न्यायला आली होती. माझं.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन वर्षांमागे मी दवाखान्यात होते तेव्हा अमोलने तुम्हा सगळ्यांना पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन म्हणून कळवलं. खडाबिडा काही नव्हता. डाव्या छातीत गाठ होती, कॅन्सरची, ती बाजूच काढून टाकली. कुणाला सांगायचं नाही असं मीच पोराला शपथ घालून सांगितलं होतं. मायची गाठ मी तुझ्यापासून लपवली म्हणून तू माझं तोंड पाहायचं सोडलंस, आणि मी पुन्हा तेच केलं. घे, आता सांगितलं. शिव्या नंतर दे, आधी पुढचं वाच.

आता मी ठणठणीत आहे. दोन भाकरी खाते, जयश्रीबरोबर साड्यांना खडे चिकटवायला बसते, आणि सुनेपेक्षा माझा हात जलद आहे, गल्लीत कुणालाही विचार. म्हणून तर मला शंका. बऱ्या झालेल्या माणसाच्या दारात गाडी कोण पाठवतं ग?

अमोल म्हणतो, "माय, आपल्या नूतनचं काम आहे ते." नूतन म्हणजे माझी नात, तिला तू शेवटची पाहिलीस तेव्हा ती दोन वेण्या घालत होती. आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, पांढरा कोट घालते, आणि घरी आली की मांडीवर डोकं ठेवून झोपते. वच्छे, मला इतका आनंद होतो की रस्त्यात उभं करून लोकांना सांगावं वाटतं. सांगतेच मी. भाजीवाल्याला पण सांगितलं.

ती करते काय, तर एक चिप. सिमकार्डापेक्षा जरा मोठी, काचेसारखी. तिच्या आत केसाहून बारीक गल्ल्या कोरलेल्या. रक्त त्यातून सावकाश सोडतात. रक्तातल्या साध्या पेशी लहान आणि मऊ, त्या सळसळ निघून जातात. गाठीतली एखादी पेशी सुटून रक्तात फिरत असली तर ती मोठी आणि ताठ, ती अडकते. आमच्या गल्लीत नाही का, रिक्षा जाते आणि पाण्याचा टँकर अडकतो! हे मी म्हटलं तर नूतन म्हणाली, "आजी, हेच मी मॅडमना सांगते." गाठ पुन्हा व्हायच्या आधीच असल्या फिरस्त्या पेशी धरता येतील का, ते ही मंडळी शोधतायत.

पण नियम बघ. नूतनने माझ्याकडे रक्त घ्यायला यायचं नाही. माझी नळी कोणती तेही तिला कळता कामा नये, नळीवर नुसता नंबर. नातीपासून आजीचं रक्त लपवायचं! सरळ कामात एवढं लपवाछपवीचं काय असतं?

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. मागे दोनदा दवाखान्यात रक्त दिलं तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. या वेळी घरी होते, तर डोळे उघडे ठेवले. लखनभाई म्हणाला, "बा, मुठी वाळो." मी मूठ आवळली. सुई टोचली. एक नळी भरली, ती ताटलीत डावीकडे ठेवली. मग दुसरी भरली, ती उजवीकडे. दोन्ही सारख्या, दोन्ही भरलेल्या. मी विचारलं, डावीकडची कुठे जाणार?

"ए तो फेंकी देवानी, बा."

फेकायची! भरलेली नळी! म्हैस व्याली की पहिलं दूध कोण फेकतं सांग मला. पहिला चीक सगळ्यात घट्ट, त्यात सगळं सत्त्व, त्याचाच खरवस होतो. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी नुसतं पातळ पाणी. मग रक्ताचंच उलटं कसं झालं? माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहिलं, घट्ट रक्त ही माणसं दुसरीकडे कुठे तरी नेतात, आणि माझ्या नूतनच्या चिपला पातळ तेवढं देतात.

तेवढ्यात चहाचा कप सांडला. मॅडमच्या कागदांवरच. कसा सांडला ते विचारू नको. जयश्री फडकं घेऊन धावली, लखनभाई कागद झटकायला लागला. मग सगळं पुसून झाल्यावर त्याने उजवीकडच्या नळीवर नंबराची चिठ्ठी चिकटवली, डावीकडची पिवळ्या पिशवीत टाकली, आणि गेले.

मी त्या दिवशी पोटभर जेवले.

तुझी,
सरला


पांडेसरा
ता. २५ फेब्रुवारी, बुधवार

वत्सला,

आमच्या घरात काहीतरी शिजतंय, आणि ते मला कुणी वाढत नाही.

सोमवारी मी मुद्दाम जयश्रीच्या समोर बसून मिश्री लावली. एरवी ती डबी हिसकावून घेते, दवाखान्याचं नाव घेऊन अर्धा तास बोलते. या वेळी काही बोलली नाही. उलट पिंक टाकायला वाटी आणून दिली. सून वाटी आणून देते? मी तिथेच समजले.

मग अमोल. रंगाच्या मिलमधून आठच्या आधी कधी न येणारा पोरगा चार वाजता घरी, हातात गरम लोचोची पुडी. इथला डाळीचा वाफवलेला मऊ पदार्थ ग तो. "माय, तुला आवडतो ना." मला लोचो आवडतो हे त्याला पंचवीस वर्षांत कधी आठवलं नव्हतं. खाल्ला मी, सोडते का? वरून शेव, कांदा, लिंबू, फार छान होता. पण खाताना तिघांच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिघंही माझ्याकडे बघत नव्हते.

मंगळवारी म्हणे, "चल माय, एक रुटीन तपासणी आहे." मोठ्या मशीनमध्ये निजवलं, श्वास धरा, सोडा, धरा, सोडा. रुटीनला सुनेने रिक्षात हात धरून ठेवायचं काय कारण?

घरी आल्यावर मी नूतनला गच्चीवर कपडे काढायला म्हणून नेलं आणि दार लावून घेतलं.

"काय निघालं ते बोल."

"काही नाही आजी."

"मी तुझ्या बापाला चालायला शिकवलंय. बोल."

तेव्हा ती रडली. वाळलेल्या चादरीत तोंड घालून रडली. म्हणाली, सात. माझ्या नंबराच्या नळीत सात पेशी अडकलेल्या सापडल्या. आधीच्या दोन वेळेला एकही नव्हती. नूतनने स्वतःच त्या मोजल्या, कुणाच्या आहेत ते ठाऊक नसताना. वर आपल्या शेजारच्या मुलीला म्हणाली पण होती, बिचारी कोण बाई असेल. मग मॅडमनी नंबर उघडून आमच्या डॉक्टरांना कळवलं, डॉक्टरांनी अमोलला फोन केला.

मशीनच्या फोटोत काही दिसलं नाही. पण नूतन म्हणते, सात पेशी म्हणजे इतकं बारीक काम की फोटोत दिसणारच नाही. डॉक्टर म्हणतात, ही चिप अजून अभ्यासाची आहे, नुसत्या तिच्यावर औषध सुरू करता येत नाही, तीन महिन्यांनी फोटो परत काढू. म्हणजे तीन महिने हे तिघं मला लोचो खाऊ घालणार.

खरं सांगू का, मी घाबरले. मायचं ते शेवटचं आठवलं. आखाजीच्या सणाला मी माहेरी आले होते, तू बाळंतीण म्हणून आली नव्हतीस. मायने मला आतल्या खोलीत नेऊन माझा हात धरून त्या गाठीवर ठेवला होता. म्हणाली, "कोणले सांगू नको, वच्छीले तर नहीच, तिनं दूध आटी जाई." मी नाही सांगितलं. तुझं दूध आटू नये म्हणून नाही सांगितलं, आणि मग दूध सुटल्यावर सांगायला फार उशीर झाला होता. पुढे कित्येक वर्षांनी, नऊ वर्षांमागे, तुला ते कळलं तेव्हा तू माहेरच्या सगळ्यांसमोर मला जे बोललीस ते मी विसरले नाही. पण खोटं काही बोलली नव्हतीस.

सात म्हणजे फार का ग?

सरला


पांडेसरा
ता. ४ मार्च, बुधवार, धुळवड

वत्सला,

गल्लीत पोरं रंग उडवतायत आणि मी दार लावून लिहितेय. इथे रंगाचं कुणाला कौतुक नाही, मिलच्या पाण्याने खाडी रोजच रंगलेली असते, आज निळी, उद्या जांभळी.

आधी तुझं. रविवारी दुपारी अमोलच्या मोबाइलवर फोन आला. मी उचलला. कुणी बोललं नाही, पण ठेवलाही नाही. मागे पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. अमळनेरात गिरणीला लागून घर कुणाचं आहे, मला ठाऊक आहे. मी म्हटलं, "वच्छी?" तर कट. बरं. माझी पत्रं पोचतायत एवढं मला कळलं. आनंद झाला. आनंदात मी खड्यांच्या दोन साड्या जास्त केल्या.

आता माझं. 

परवा होळीसाठी पुरण वाटताना नूतनला सहज विचारलं. सहज म्हणजे, अठरा दिवस पोटात ठेवलेलं विचारलं. "ते लखनभाई पहिली नळी फेकतात ती खरंच फेकतात, की कुणाला देतात?"

ती हसली. किती दिवसांनी हसली. म्हणाली, "आजी, फेकायचीच असते. सुई आत जाताना कातडीतून जाते ना, तेव्हा कातडीच्या चार-दोन पेशी खरवडून सुईबरोबर आत जातात. त्या पहिल्या रक्तात येतात. आणि गाठीच्या पेशी पण त्याच घराण्यातल्या. आमच्या चिपमध्ये त्या पण अडकतात, आमचा रंग लावला तर त्या पण चमकतात. म्हणून पहिली नळी टाकून द्यायची, नाहीतर चांगल्या माणसाच्या रक्तात भलतंच दिसेल."

वच्छे, वरवंटा माझ्या हातातच राहिला.

तो कप मी सांडला होता. कोपराने. सगळे कागदांवर वाकले तेव्हा मी दोन्ही नळ्यांची जागा बदलली. साडीवर खडा बसवायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. माझ्या नातीला चांगलं, घट्ट, पहिलं रक्त मिळावं म्हणून केलं. चोरांचा डाव उलटवला म्हणून पोटभर जेवले होते मी त्या दिवशी. आणि त्या नळीत सात निघाल्या.

आता त्या सात कुणाच्या? कातडीच्या असतील. पण नसल्या तर? खरी नळी तर पिवळ्या पिशवीत गेली. कुणाला विचारू? नूतनला सांगितलं तर तिच्या वहीत माझं नाव लागेल, आजीनेच घोळ केला म्हणून तिथले लोक हसतील. लखनभाईची नोकरी जाईल. न सांगितलं तर अमोल रोज चार वाजता येत राहील. आणि मला स्वतःला तरी कुठे चैन आहे? हात वर केला, कंबर दुखली, खोकला आला की मी मनात म्हणते, आली बघ त्या सातांतली एक.

लपवायची मला सवय आहे, तुला माहीत आहे. पण या वेळी लपवलं तर मला मेल्यावर कळेल मी बरी होते की नाही.

पुरणपोळ्या छान झाल्या. तुझ्या हातच्यासारख्या नाही.

सरला


पांडेसरा
ता. १० मार्च, मंगळवार

वत्सला,

सांगितलं.

शनिवारी मॅडम आणि लखनभाई आपणहून आले होते, तब्येत विचारायला. मला लगेच वाटलं, तब्येत विचारायला गाडी घेऊन कोण येतं, आणखी काहीतरी निघालं असणार. पण शंका घ्यायची पाळी आता त्यांची होती. मी अमोलला म्हटलं बस, जयश्रीला म्हटलं गॅस बंद कर, नूतनला समोर बसवलं, आणि सगळं सांगितलं. कप, कोपर, नळ्या, खरवस, सगळं.

पहिली जयश्रीच बोलली. "म्हणजे तो कप तुम्ही सांडला? मी आठ दिवस स्वतःला शिव्या घालत होते, काठावर ठेवला म्हणून!"

लखनभाई म्हणाला, "बा, तमे तो मने नोकरीमांथी कढाववाना हता!" म्हणजे मी त्याची नोकरीच घालवणार होते, आणि डोक्याला हात लावून बसला. मग मलाच समजावायला लागला की चूक त्याची, चिठ्ठी आधीच चिकटवायला पाहिजे होती, नळीवरून डोळा काढायला नको होता. चांगला माणूस आहे. उगाच मी त्याला चोर समजले.

नूतनकडे मी बघितलंच नाही. ती उठून माझ्यामागे आली आणि गळ्यात हात घालून म्हणाली, "आजी, मी पंधरा दिवस झोपले नाही ग." रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "आजी, सांगितलंत ते फार चांगलं केलंत. पण यावरून तुम्ही बऱ्या आहात असं मी म्हणणार नाही. आजारी आहात असंही नाही. ती नळी वाया गेली एवढंच. रक्त पुन्हा घ्यावं लागेल." मला पटलं. तोंड गोड करायला खोटं बोलल्या नाहीत.

मग त्यांनी जुना कागद काढला, आणि म्हणाल्या, "आणखी काही सांगायचं राहिलंय का?" कसं ओळखलं कुणास ठाऊक. दोन वर्षांमागे दवाखान्यात विचारलं होतं, घरात कुणाला हा आजार होता का. मी नाही म्हटलं होतं. आता म्हटलं, "मना मायले बी व्हयनं व्हतं." अमोल माझ्याकडे बघतच राहिला. आजीला काय झालं होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मॅडमनी ते लिहून घेतलं, नूतनकडे एकदा बघितलं, आणि मला विचारलं, "तुम्हाला बहीण आहे?"

आहे म्हटलं. बोलत नाही माझ्याशी, पण आहे.

आणि काल तुझं पत्र आलं! ज्योतीनेच पोस्टमनकडून घेतलं आणि गल्लीच्या तोंडापासून ओरडत आली. मी आनंदाने रडले, मग वाचलं. आठ ओळी, त्यातल्या पाच शिव्या. त्या मी ठेवून घेतल्या, माझ्याच आहेत. पण सातव्या ओळीत लिहिलंस, मला पण डावा हात वर करताना काखेत ओढ लागते, काहीतरी टोचतं, पण ते कापूस वेचण्याने असेल.

वच्छे, तू उजव्या हाताने कापूस वेचतेस. लहानपणापासून. डाव्या हातात तू नुसती ओटी धरतेस. कापसाने ओढ लागायची तर उजव्या काखेत लागेल. आणि कापूस तर जानेवारीतच संपला. कुणाला सांगितलंस? नवऱ्याला? सुनेला? नाही सांगितलंस. तू मला लपवणारी म्हणतेस आणि आठ ओळींत एका ओळीत लपवलंस.

मी मॅडमना फोन करून विचारलं, माझ्या बहिणीचं रक्त घ्या त्या चिपमध्ये. त्या म्हणाल्या, "नाही आजी, चिप अजून शिकते आहे. तुमच्या बहिणीला आधी डॉक्टरांनी हाताने तपासलं पाहिजे, मग फोटो काढला पाहिजे. आणि थांबू नका." थांबू नका असं त्या दोनदा म्हणाल्या.

काही नसेल. देवाशपथ, काही नसेल. माझ्या सात पेशींचं पण काही नसेल. पण नसेल हे कुणीतरी बघून सांगितलं पाहिजे, आपण दोघींनी ठरवून चालायचं नाही. मायने ठरवलं होतं.

हे पत्र ज्योतीजवळ देते. ती उद्या पारोळ्याला निघालीय, अमळनेरला उतरून तुझ्या हातात देईल, आणि तुझं तोंड कसं झालं ते मला फोनवर सांगेल, तेव्हा तोंड सांभाळ. शनिवारच्या गाडीने निघ. सुरतेपर्यंत येऊ नको, उधन्याला उतर, तिथून आमचं घर जवळ. अमोल घ्यायला येईल. भांडायचं असेल तर रविवारचा अख्खा दिवस मोकळा आहे, जयश्री मधे पडणार नाही, मी तिला बजावून ठेवलंय.

मॅडम आणि लखनभाई सोमवारी, सोळा तारखेला, सकाळी दहाला येतो म्हणून गेलेत. माझं रक्त घेऊन इथूनच सरळ दवाखान्यात जाणार आहेत, आणि गाडीत मागच्या बाकावर दोन बायांची जागा ठेवायला मी सांगितलीय.

सरला